विद्यार्थिनीनं केलेलं काम, पेपरवर नाव कुणाचं?

संगमकाठी

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, पर्यावरणशास्त्र शिकवते. कॉलेज कुठलं ते विचारू नका, अंदाजही बांधू नका. सातारा लहान आहे.

आमच्या एमएस्सीच्या एका मुलीनं माझ्याकडे प्रोजेक्ट केला. संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते तिथला. संगमाच्या वर दोन्ही नद्यांवर आणि संगमाच्या खाली, अशा ठरलेल्या जागांवरून तिनं वर्षभर दर महिन्याला पाण्याचे नमुने घेतले. विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन), नायट्रेट, फॉस्फेट. एसटीनं यायची, बाटल्यांची पिशवी मांडीवर. एमएस्सीच्या मानानं काम फारच नीट झालं. उन्हाळ्यात संगमाखालच्या पाण्याची काय अवस्था होते ते तिच्या आकड्यांत स्वच्छ दिसतं.

मुलगी पास झाली, लग्न झालं, आता विट्याला असते. मी त्या प्रोजेक्टवरून पेपर तयार केला. आधी तिचं नाव, मग माझं. एचओडी (विभागप्रमुख) सरांना दाखवला तर म्हणाले, "ती आता संशोधनात आहे कुठं? तिला काय उपयोग? तिचं नाव आभारात घ्या. पहिलं तुमचं, दुसरं माझं, तिसरं प्राचार्यांचं." लॅब सरांची, केमिकल त्यांच्या सहीनं आली हे खरं. वर एका जर्नलचा नंबरही दिला. साडेतीन हजार भरायचे, चार दिवसांत छापून येतं.

सर माणूस वाईट नाहीत हेही सांगते. आमचं मानधन महिनोन्महिने अडकतं तेव्हा संस्थेत जाऊन तेच भांडतात.

तर नियम नक्की काय आहे? आणि नियम माहीत असून पुढच्या जूनला नेमणुकीची ऑर्डर हवी असेल तर माणूस काय करतो?

गप्प_बसा

प्राचार्यांचं नाव तिसरं? आधी हे निस्तरा, बाकीचं नंतर.

अजिंक्यतारा७७

ताई, आपल्याकडे पेपर म्हणजे लग्नपत्रिका झालीय. वर आशीर्वादाला आमदार, मग प्रेषक, निमंत्रक, समस्त भावकी, खाली चिल्ल्यापिल्ल्यांचं "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं". नवरा-नवरीचं नाव शोधावं लागतं. वाईट वाटून घेऊ नका, देऊन टाका.

मी इंजिनिअरिंगला शिकवतो, हा हिशेब तोंडपाठ आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नेमणूक-बढतीच्या २०१८ च्या नियमात विज्ञान शाखेच्या एका पेपरला ८ गुण. दोन लेखक असले तर प्रत्येकी ७० टक्के, म्हणजे ५.६. दोनाहून जास्त झाले की मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३०, म्हणजे २.४. तुमचं नाव पहिलं राहिलं तर तुमचे ५.६ कुठं जात नाहीत. सरांना २.४ मिळतील. एवढ्यासाठी ऑर्डर घालवायची?

कार्डकॅटलॉग

गुणांचा हिशेब बरोबर, पण विचारलंय ते नियमाबद्दल. मी कराडला ग्रंथपाल आहे, प्लॅगॅरिझमचे (वाङ्मयचौर्याचे) रिपोर्ट माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून लिहिते.

लेखक कोणाला म्हणायचं याचे सर्वात जास्त मानले जाणारे निकष वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे आहेत. ते वैद्यकशास्त्रासाठी केले, पण आता बऱ्याच शाखांतली जर्नलं तेच धरतात. अटी चार. कामाच्या कल्पनेत, आराखड्यात किंवा माहिती गोळा करण्यात, तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात मुद्द्याची सुधारणा करण्यात भाग हवा. छापायला जाणाऱ्या अंतिम प्रतीला संमती हवी. आणि उद्या कोणी बोट ठेवलं तर उत्तर द्यायची तयारी हवी. चारही लागतात, तीन पुरत नाहीत. विभागप्रमुख असणं, पैसे मिळवून देणं, लॅब उघडून देणं, यासाठी आभाराचा परिच्छेद असतो.

आता दुसरी बाजू, जी लोक विसरतात. ज्याचा पहिल्या अटीत वाटा आहे त्याला पुढच्या तिन्हींची संधी द्यायची असंही तिथंच लिहिलंय. म्हणजे त्या मुलीला मसुदा दाखवायचाच नाही आणि मग "तिनं कुठं लिहिलाय" म्हणून नाव काढायचं, हे चालत नाही. नको ते नाव घालणं आणि हवं ते काढणं, दोन्ही सारखेच गैर.

अजिंक्यतारा७७

मॅडम, पण पाणी भरून आणलं म्हणजे लेखक? मग आमच्या लॅबचा शिपाई माझ्याआधी प्रोफेसर व्हायला हवा.

सज्जनगड_ते_श्टुटगार्ट

@अजिंक्यतारा७७ मी सध्या इकडे पाण्यावरच पीएचडी करतोय, त्यामुळे हे मनावर घेतो.

ऑक्सिजनसाठी पाणी "भरून" आणता येत नाही. बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा न राहता भरायची, बूच बसवायचं, आणि तिथेच घाटावर उभं राहून मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालून ऑक्सिजन पक्का करायचा. कॉलेजात नेऊन मग बघू म्हटलंत तर वाटेत पाण्यातले जीव तो खातात आणि हवेतला आत जातो, आकडा कचरा होतो. तपकिरी साका बसला की मग पुढचं टायट्रेशन लॅबमध्ये. बीओडीला आपल्याकडे २७ अंशाला तीन दिवस ठेवतात, त्यात मध्ये लाइट गेली तर तो नमुनाही गेला. किती वाजता घ्यायचं, काठाजवळ की प्रवाहात, वर कपडे धुणं चालू असेल तर थांबायचं की नाही, हे सगळं त्या मुलीनं ठरवलेलं असणार. हे संशोधनच आहे हो. शिपायानं हे सगळं वर्षभर केलं असेल तर त्याचंही नाव घाला, माझी हरकत नाही.

अजिंक्यतारा७७

बरं बाबा, शिपाई मागे घेतो. पण माझा मूळ मुद्दा नोकरीचा होता, त्यावर कोणी बोलत नाही.

माजी_सीएचबी

मी बोलतो. सांगलीत एका कॉलेजात सीएचबीवर होतो. सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालेलो. गाइडच्या, गाइडच्या बायकोच्या आणि एकदा गाइडच्या मेहुण्याच्या नावानं पेपर लिहिले. मेहुणा द्राक्षबागायतदार होता, त्याला म्हणे पुढे कुठंतरी संचालक व्हायचं होतं. आता मी तासगावात बेदाण्याच्या धंद्यात आहे, त्याच मेहुण्याचा माल कधीमधी माझ्याकडे येतो. हसू नका.

सीएचबीवाल्याला "तत्त्वासाठी उभे रहा" म्हणणारे बहुतेक जण पर्मनंट असतात, एवढंच माझं म्हणणं. धागाकर्तीनं नाव घातलं तरी मी तिला नावं ठेवणार नाही.

कार्डकॅटलॉग

मी पर्मनंट आहे, कबूल. म्हणून तर गप्प बसायचं मला जास्त शोभत नाही.

तंबोरा

मिरजेहून. डॉक्टर आहे, आमच्याकडे या रोगाची साथ जुनी. मेडिकल कौन्सिल होती तेव्हा पीजीच्या पोराला एक पोस्टर, परिषदेत वाचलेला एक पेपर आणि छापायला पाठवलेला एक पेपर असं दाखवावं लागे. तीन वर्षं रात्रंदिवस वॉर्डात असलेला पोरगा हे कधी करणार? मग जे व्हायचं ते झालं. पैसे घेऊन छापणाऱ्यांची दुकानं आमच्यावर पोसली गेली.

पण मला नाव घालण्याची दुसरी बाजू सांगायचीय. मे २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर पेपर आला. ६७१ हॉस्पिटलं, ९६ हजार रुग्ण, औषधानं मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेनं त्या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली. मग लोकांनी आकड्यांवर बोट ठेवलं. लेखक चार. मूळ माहिती होती त्यातल्या एकाच्या कंपनीकडे. बाकीच्या तिघांनी तटस्थ तपासणीसाठी ती मागितली, कंपनी देईना, आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात त्या तिघांनी पेपर मागे घेतला. पहिलं नाव हार्वर्डच्या नामांकित हृदयरोगतज्ज्ञाचं होतं. ज्या आकड्यांवर सही केली ते त्यांनी मुळातून बघितलेच नव्हते.

ताई, तुमच्या सरांना एवढंच विचारा: उद्या एखाद्या कारखान्यानं किंवा नगरपालिकेनं या आकड्यांवर नोटीस पाठवली तर जुलैचा नायट्रेट कसा मोजला ते तुम्ही सांगाल का? नदीच्या पाण्यावरचा पेपर आहे, कधी कोण वाचेल सांगता येत नाही.

गप्प_बसा

नोटीस आली की नाव आपोआप आभारात जातं.

हळकुंड

मी शिक्षणातला नाही, सांगलीत हळदीची अडत आहे. पण एक विचारतो, या धाग्यावर शिकलेली माणसं आहेत. आमच्याकडं येणारा दर दुसरा कंपनीवाला मोबाइलमधे पेपर दाखवतो. हळदीनं कॅन्सर बरा होतो, गुडघे बरे होतात, विसराळूपणा जातो. खाली दहा-दहा नावं. हे खरं धरायचं का? आमचा माल खपतो म्हणून आम्हाला बरंच आहे, पण पोरगी विचारती "पप्पा, हे खरंय का", तिला काय सांगू?

तंबोरा

@हळकुंड चांगलं विचारलंत, आणि विषयाला धरूनच आहे. हळदीतल्या कर्क्युमिनवर हजारो पेपर आहेत. त्यातले बरेचसे परीक्षानळीतले नाहीतर उंदरांवरचे. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित जर्नलमध्ये या सगळ्याचा आढावा आला. माणसांवरच्या १२० हून जास्त चाचण्या झाल्या, पण रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही काय दिलंय ते माहीत नसताना, खोट्या गोळीशी तुलना करून यशस्वी ठरलेली एकही नाही, असं त्यांनी लिहिलं. शिवाय टेक्सासमधल्या एका मोठ्या कॅन्सर संस्थेत याच विषयावर नाव कमावलेल्या, मूळच्या आपल्याकडच्या संशोधकाचे डझनाहून जास्त पेपर मागे घेतले गेले. प्रयोगांच्या चित्रांत गडबड सापडली.

पोरीला सांगा, भाजीत घाल, जखमेवर लाव, कॅन्सर झाला तर मिरजेला ये.

हळकुंड

म्हंजे दहा नावं असली तरी खोटं असू शकतंय.

वाईकर

हळदीवरून दुसरी बाजूही सांगतो. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरनं (वैज्ञानिक संशोधन परिषदेनं) ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. आजी लावायची असं सांगून भागणार नव्हतं, छापील पुरावा लागत होता. तेव्हा जे ३२ संदर्भ दिले त्यांत जुन्या ग्रंथांबरोबर भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंध होता. तो लिहिणाऱ्याला कसले गुण मिळाले असतील? चार दशकांनी कुणी उघडेल म्हणून कुणी लिहीत नाही. पण उघडल्यावर त्यात जे लिहिलंय ते खरं निघावं लागतं.

मी एका छोट्या मराठी त्रैमासिकाचं काम बघतो, नाव सांगत नाही. पूर्वी लेख यायचा त्याबरोबर पत्र यायचं: "लेख कसा वाटला कळवावे." आता फोन येतो: "आयएसएसएन आहे का? प्रमाणपत्र मिळेल का? या महिन्याच्या अंकात होईल का, मुलाखत आहे." आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक. गाडीला नंबर असतो तसाच. चालक दारू प्यायलाय का ते त्यावरून कळत नाही. परीक्षकाकडे लेख पाठवतो म्हटलं की निम्मे लोक लेख मागे घेतात. उरलेल्यांतल्या काहींना परीक्षकाचं मत कळवलं की ते परीक्षकाचं नाव विचारतात.

आमच्या गावात विश्वकोश झाला. नोंद उघडा, शेवटी संदर्भ आणि लिहिणाऱ्याचं नाव. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते म्हणून प्रत्येक नोंदीखाली तर्कतीर्थांचं नाव आलं नाही.

अजिंक्यतारा७७

वाईकर काका, त्या काळात मंडळाचा पगार होता आणि कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम येत नव्हती.

वाईकर

खरं आहे. नॅक आली असती तर तर्कतीर्थांनाही फाइल करावी लागली असती.

खंडाळ्याचा_बोगदा

मला एक कळत नाही, पीएचडीला पेपर लागतोच ना? मग लोक विकत घेणारच.

कार्डकॅटलॉग

@खंडाळ्याचा_बोगदा नाही, आता देशपातळीवर सक्ती नाही. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीनं नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढली. विद्यापीठ स्वतःचं काही ठरवू शकतं. पण नोकरी आणि बढतीत पेपर मोजले जातातच, त्यामुळे दुकानं बंद झालेली नाहीत.

आता धागाकर्तीच्या साडेतीन हजारांकडे येते, कारण त्याकडे कोणी बघितलंच नाही. चार दिवसांत छापणारं जर्नल परीक्षण करत नाही. करूच शकत नाही. परीक्षक शोधायलाच चार दिवस पुरत नाहीत. २०१३ मध्ये सायन्स नियतकालिकाच्या एका पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला बनावट पेपर ३०४ जर्नलांना पाठवला होता. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्या जर्नलांमध्ये भारतातली सर्वात जास्त होती, हे वाचून मान खाली गेली.

आपल्याकडे आधी यूजीसीची मंजूर यादी होती, २०१८ मध्ये तिच्यातून एका फटक्यात ४,३०५ जर्नलं काढावी लागली. मग २०१९ ला केअर यादी आली, पुणे विद्यापीठातून तिचं काम चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली आणि आता जर्नल कसं निवडायचं ते संस्थांनीच ठरवायचं आहे. "यादीत आहे का?" असं विचारून मोकळं व्हायची सोय गेली. काही जणांना वाईट वाटलं, मला स्वतःला बरं वाटलं. यादी होती तेव्हा यादीतल्या चांगल्या जर्नलच्या नावानं हुबेहूब नकली वेबसाइट काढून पैसे उकळायचे, हा धंदा मी जवळून बघितलाय. एक सर दहा हजार भरून आले होते. मूळ जर्नल फक्त छापील निघत होतं, त्याची वेबसाइटच नव्हती.

मी पोरांना सांगते: संपादक मंडळातली दोन नावं उचला आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन बघा, त्यांनी स्वतः हे पद लिहिलंय का. जुन्या अंकातला एखादा पेपर उघडून त्याचा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) खरंच चालतो का बघा. मुक्त जर्नलांची डीओएजे नावाची सूची आहे, तिच्यात शोधा. आणि पैसे कधी मागतात ते बघा. व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवणारं जर्नल मला अजून चांगलं सापडलेलं नाही.

सज्जनगड_ते_श्टुटगार्ट

फक्त गल्लीतल्या जर्नलांना झोडू नका. हिंदावी हा मोठा प्रकाशक, अमेरिकेतल्या बड्या वायली कंपनीनं २०२१ ला विकत घेतलेला. त्यांनी २०२३ या एका वर्षात ८ हजारांहून जास्त पेपर मागे घेतले. विशेषांकांत पेपर बनवणाऱ्या टोळ्या घुसल्या होत्या, परीक्षकही त्यांचेच. तिथं छापायचे पैसे साडेतीन हजार रुपये नव्हते, हजार-दोन हजार डॉलरच्या घरात होते. इंग्रजी चकाचक, पीडीएफ सुंदर.

गप्प_बसा

तो उंदीर कोणी विसरलं का?

सज्जनगड_ते_श्टुटगार्ट

हाहा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फेब्रुवारी २०२४, फ्रंटियर्सच्या एका जर्नलमध्ये उंदराच्या अवयवांचं एआयनं काढलेलं चित्र छापून आलं. उंदराचं एक विशिष्ट इंद्रिय उंदरापेक्षा मोठं, आणि बाणांवर लिहिलेले शब्द कुठल्याच भाषेत नसलेले. परीक्षक बघून गेले, संपादक बघून गेले. समाजमाध्यमांवर लोक हसले तेव्हा काही दिवसांत मागे घेतलं.

अजिंक्यतारा७७

एआयचं निघालंच आहे तर. आमच्याकडे आता रिपोर्ट चॅटजीपीटी लिहितं, तपासायला आम्ही चॅटजीपीटीला देतो. विद्यार्थी आणि मी कधीतरी कॅन्टीनला भेटतो.

खरा प्रश्न: एआयला सहलेखक करता येतं का?

कार्डकॅटलॉग

नाही. प्रकाशनातली नीती बघणारी कोप नावाची समिती आहे, १९९७ पासूनची. तिनं २०२३ लाच स्पष्ट केलं: एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण ते केलेल्या कामाची जबाबदारी घेऊ शकत नाही. वापरलं असेल तर कुठं आणि कसं ते पेपरमध्ये सांगायचं.

गप्प_बसा

जबाबदारी घेऊ शकत नाही म्हणून नाव नाही. मग प्राचार्यांचं कसं?

अजिंक्यतारा७७

😂 हा प्रिंट काढून लावतो.

खंडाळ्याचा_बोगदा

जाता जाता विचारतो, प्लॅगॅरिझम १० टक्क्यांपर्यंत चालतं म्हणतात ते खरं का? म्हणजे शंभर पानांत दहा पानं उचलली तर?

कार्डकॅटलॉग

असं दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. २०१८ च्या यूजीसी नियमात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ४०, ६० असे पुढचे टप्पे आणि ६० च्या वर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. अवतरणं, संदर्भसूची, सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसाधारण साम्य हे मोजत नाहीत. पण सॉफ्टवेअर साम्य मोजतं, चोरी ओळखत नाही. ९ टक्क्यांत सगळा निष्कर्षच उचललेला मी बघितलाय. आणि दुसऱ्याचा मराठी प्रबंध इंग्रजीत उतरवून आणला तर मशीन शून्य दाखवतं. तो मला सापडला, कारण मूळ मराठी प्रबंध मीच दाखल करून घेतला होता.

माजी_सीएचबी

मूळ प्रश्नावर परत येऊ का? मी वर कडू लिहिलं, पण एक वाट सुचवतो. सरांना नाव हवंय ना? मग काम द्या. पेपरमध्ये चर्चेचा भाग असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ कृष्णेच्या पाण्याचे आकडे जाहीर करतं. सरांना म्हणा, "सर, ही तुलना तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही, तेवढा भाग तुम्ही लिहा." लिहिला तर नाव रीतसर आलं. नाही लिहिला तर विषय तिथंच थांबला, आणि तुम्ही नाही म्हटलेलं नाही.

तंबोरा

चलाख आहे. पण काम आधी आणि नाव नंतर असतं हो, इथे उलटं चाललंय.

माजी_सीएचबी

डॉक्टर, जून जवळ आला की उलटंच चालतं.

कार्डकॅटलॉग

मला यात गैर दिसत नाही, फक्त चारही अटी पुऱ्या व्हाव्यात. सरांनी खरंच आकडे बघून तुलना लिहिली तर ते लेखक. प्राचार्यांचं मात्र यातून काही होत नाही.

निवृत्त_मास्तर

उशिरा आलो. सगळं वाचलं. मी कऱ्हाडात इतिहास शिकवायचो. आमच्याकडे एक लेख एक लेखक, त्यामुळे या भानगडी कमी. माझ्या गाइडनी माझ्या एकाही लेखावर स्वतःचं नाव घातलं नाही, लेख मात्र लाल शाईनं इतका रंगवायचे की मूळ वाक्य शोधावं लागे. अर्थात त्यांच्या वेळी त्यांना गुण मोजून दाखवायचे नव्हते, हे अजिंक्यतारा म्हणतात ते मान्य. गाइड लोक एकदम नीतिभ्रष्ट झाले आणि आम्ही तेवढे हरिश्चंद्र होतो असं काही नाही.

पण मला दुसरंच खटकलं. एवढी चर्चा झाली. एचओडींना काय मिळेल, सीएचबीचं काय होईल, नियम काय, जर्नल कुठलं. त्या विट्याच्या मुलीला कुणी विचारलं का? "तिला काय उपयोग" हे सर ठरवताहेत, आणि आपण सगळे तिच्या बाजूनं भांडतोय, तेही तिच्या परस्पर. तिचं नाव ठेवायचं असेल तरी तिची संमती लागते ना, ग्रंथपालबाई?

कार्डकॅटलॉग

लागते, सर. अंतिम प्रत वाचून तिनं हो म्हणायला हवं. बऱ्याच जर्नलांना सगळ्या लेखकांच्या सह्या किंवा ईमेल लागतात. नंतर नाव घालायचं किंवा काढायचं झालं तर कोपच्या पद्धतीप्रमाणे संपादक सर्व लेखकांची लेखी संमती मागतो, आणि एकमत झालं नाही तर प्रकरण संस्थेकडे पाठवतो. म्हणजे फिरून सरांच्याच टेबलावर. तेव्हा जे ठरवायचं ते पाठवण्याआधी.

संगमकाठी

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मास्तर, मी तिला लग्नाच्या शुभेच्छांनंतर मेसेजच केला नव्हता. आज मसुदा पाठवला. बघते काय म्हणते.

हळकुंड

ताई, ती हो म्हणाली तर सांगलीची हळद माझ्याकडून भेट. पेपरशिवाय.

संगमकाठी

(चार दिवसांनी)

तिनं वाचला. व्हॉट्सॲपवर लांबलचक व्हॉइस मेसेज आला, मागे कुकरच्या शिट्ट्या. आधी तर तिला विश्वासच बसेना की कोणी तो प्रोजेक्ट पुन्हा उघडलाय. मग म्हणाली, "मॅम, ऑगस्टचं घाटावरचं सॅम्पल घाटावरचं नाहीये. पाणी पार वरपर्यंत आलं होतं, पायऱ्या दिसत नव्हत्या. मी पुलावरून बादली सोडून घेतलं होतं. माझ्या वहीत आहे, प्रोजेक्टमध्ये लिहायचं राहिलं. त्याचा ऑक्सिजन त्यामुळेच जास्त दिसतोय." वहीच्या पानांचे फोटो पाठवले. पेन्सिलीनं वेळ, हवामान, बाटली नंबर, सगळं आहे.

सरांनी जो परिच्छेद "छान आहे, निष्कर्षात घ्या" म्हणून खूण केली होती, तो नेमका त्या ऑगस्टच्या आकड्यावर उभा होता. पावसाळ्यात नदी स्वतःला कशी स्वच्छ करते, वगैरे.

सज्जनगड_ते_श्टुटगार्ट

बादली! म्हणजे ओतताना हवा मिसळली. तो आकडा वापरू नका. तक्त्यात ठेवायचाच असेल तर वेगळ्या खुणेनं दाखवा आणि नमुना कसा घेतला ते पद्धतीच्या भागात लिहा. सरासरीत धरू नका.

निवृत्त_मास्तर

वही जपून ठेवायला सांगा.

अजिंक्यतारा७७

ठीक आहे, शिपायाबद्दल पुन्हा एकदा माफी. आणि सर?

संगमकाठी

काल वहीचे फोटो घेऊन गेले. सरांनी पानं उलटून पालटून बघितली, बराच वेळ. म्हणाले, "पोरगी कामाची होती." मग माजी_सीएचबी म्हणाले तसं मंडळाच्या आकड्यांशी तुलना लिहिण्याचं बोलले. हो म्हणालेत, दिवाळीपर्यंत देतो म्हणाले. तोवर नावं दोनच, तिचं आणि माझं. साडेतीन हजारवालं जर्नल रद्द. कार्डकॅटलॉगताई, तुम्हाला दोन जर्नलांची नावं निरोपातून पाठवते, जरा तपासून द्याल?

प्राचार्यांचा विषय सरांनी काढला नाही, मीही काढला नाही.

माजी_सीएचबी

दिवाळीपर्यंत? मग तुमची ऑर्डर निघून गेलेली असेल. चांगलं आहे.

कार्डकॅटलॉग

पाठवा नावं. मंगळवारी लायब्ररीला सुट्टी आहे, त्याआधी पाठवलीत तर बरं.